आधी बंदूक, मग दुर्बीण

दुर्बीण आजच बसवू नकोस, लेकरा. खोकं कपाटात राहू दे. दोन दिवस ती एअर रायफल नळीच्या टोकावरच्या नुसत्या माशीवर नेम धरून चालव आणि प्रत्येक कागदावर तारीख टाकून तो जपून ठेव. स्वस्तातली दुर्बीण तपासायला सुरुवात इथूनच करायची असते आणि बहुतेक पोरं नेमकी हीच पायरी गाळतात. छर्रा कागदावर भलतीकडे गेला तर त्याला कारणं चार: हात, बंदूक, छर्रा आणि दुर्बीण. पहिल्या तिघांचा अंदाज नसताना चौथीवर बोट ठेवता येत नाही.

मी हे चुकून शिकलो. माझी पहिली दुर्बीण शहरातल्या एका दुकानातून आणली होती. बसवली, आणि छर्रे एका जागी पडेनात. अख्खा रविवार गुंड्या फिरवण्यात गेला. वर चार क्लिक, डावीकडे सहा, परत खाली दोन. शंभरावर छर्रे संपले. दुर्बीणच खराब आहे असं ठरवून मी ती परत दिली, दुकानदाराशी वादही घातला. पंधरा दिवसांनी तेलपाण्यासाठी बंदूक खोलली तर दस्त्याचा पुढचा स्क्रू दीड आटे सैल निघाला. दुर्बिणीत काही दोष नव्हता. मी त्या दुकानदाराकडे जाऊन माफी मागितली, पण ती दुर्बीण तोवर दुसऱ्या कुणीतरी नेली होती.

म्हणून तुझ्या बंदुकीचं आधी पाहू. तू तिला सगळ्यांना ‘घरी बनवलेली’ म्हणून दाखवतोस, तो शब्द जपून वापर. घरचा आहे तो फक्त दस्ता. नळी, पिस्टन, स्प्रिंग, चाप हे सगळं कारखान्यातून आलेलं आहे आणि ते तसंच राहिलं पाहिजे. बंदूक घरी बनवणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते. ०.१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटर नळीची आणि २० जूलच्या आतली एअर रायफल विनापरवाना ठेवता येते, ती सवलत एवढ्यापुरतीच. कुणी जास्त कडक स्प्रिंग टाकून ताकद वाढवून देतो म्हणाला तर त्याच्या दारात पुन्हा जाऊ नकोस. लेथ माझ्याकडे आहे आणि हातही अजून स्थिर आहे, पण नळीचं काम घेऊन माझ्याकडे कुणी येऊ नये, हे मी सगळ्यांना तोंडावर सांगतो.

दस्ता मात्र छान केलायस. आजोबांच्या वाड्याच्या पडलेल्या चौकटीचं सागवान, इतकी वर्षं वाळलेलं, त्याच्यासारखं लाकूड आज वखारीत पैसे देऊनही मिळायचं नाही. पण ते लाकूडच. आपल्याकडे आषाढात फुगतं आणि एप्रिल-मेच्या उन्हात आकसतं. स्क्रूचं डोकं हळूहळू लाकडात रुततं, सैल वाटतं म्हणून तू आवळतोस, आणि ते आणखी रुततं. याला उपाय असा की स्क्रूच्या भोकात पितळेची नळकांडी बसवायची. तिची लांबी त्या जागच्या लाकडाच्या जाडीइतकी नेमकी हवी, म्हणजे स्क्रूचा दाब लाकडाऐवजी पितळेवर येतो. केसभर आखूड झाली तर ती असून नसल्यासारखी. जाडी व्हर्नियरनं तीन जागी मोजून आण, नळकांडी मी काढून देतो. तोवर दर पंचवीस-तीस छर्‍यांमागे स्क्रूला हात लावून पाहत जा. आणि नळी मोडून उघडते त्या बिजागरीपाशी तिला डावी-उजवी हलवून बघ. खटका बसल्यावर तिथं जराही खेळ असेल तर दुर्बिणीचा विचारच सोड, आधी ते नीट करून घे.

आता हात. आमच्या कॉलेजात एनसीसी होती. पॉइंट टू टूची रायफल, जमिनीवर लेटून, पाच गोळ्या. आमचे उस्ताद कागद हातात घेऊन मध्यभागी किती लागल्या हे बघायचेच नाहीत. ते बघायचे पाचही एकमेकींपासून किती लांब पडल्या. सगळ्या खाली डावीकडे कोपऱ्यात पण एका मुठीत असतील तर शाबासकी, आणि एक मधोमध नि बाकीच्या चार दिशांना चार असतील तर पुन्हा रांगेत. नेम धरण्याला ते ‘शिस्त लेना’ म्हणायचे. शिस्त म्हणजे नेम, हा त्या शब्दाचा जुना अर्थ. आपल्या मराठीतही शिस्त धरणं म्हणजे नेम धरणंच होतं, वागण्याबोलण्याची शिस्त त्यातून पुढे आली.

पण एनसीसीतली पकड स्प्रिंगच्या बंदुकीला चालत नाही. तिथं दस्ता खांद्यात घट्ट रोवायचा असतो. इथं उलटं. चाप ओढल्यावर पिस्टन पुढे धावतो तेव्हा बंदूक मागे सरकते, आणि पिस्टन टोकाला आदळला की बंदूक पुढे ढकलली जाते. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच ही ओढाताण सुरू झालेली असते. तिला आवळून धरशील तर दर वेळी पकड वेगळी पडेल आणि छर्रे विखुरतील. डावा तळहात उघडा ठेव, त्यावर बंदूक नुसती टेकव, तळहाताखाली गोधडीची घडी. खांद्याला दस्ता जेमतेम टेकलेला. तिला जसं उसळायचं तसं उसळू दे, फक्त दर वेळी सारखं उसळू दे.

छर्रे एकाच डबीतले वापर. बूड दबलेले, कडा मुडपलेले बाजूला काढ. १० मीटर टेपनं मोज, पावलांनी नाही. दहा छर्रे मार. पाचवर थांबलास तर कागद खोटा दिलासा देतो, दहा झाले की खरं काय ते कळतं. दहाही दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकले गेले, म्हणजे साधारण २७ मिलिमीटरच्या आत, तर हात आणि बंदूक दोघं कामाचे आहेत असं समज. हा कागद तुझा मापदंड. दुर्बीण बसवल्यावर त्याच अंतरावर छर्‍यांचा घोळका याहून मोठा झाला तरच तिच्याकडे संशयानं बघायचं.

मागे काय आहे ते मात्र पहिल्या छर्‍यापासून बघायचं. आपल्या जालन्यात रोलिंग मिलांमुळे लोखंडी पत्र्याचा तुकडा कुठंही मिळतो, म्हणून पोरं तोच निशाण म्हणून टांगतात. तो काढून टाक. जवळून मारलेला छर्रा लोखंडावरून आणि आपल्या काळ्या पाषाणावरूनही परत येतो. लाकडी खोक्यात ओल्या काळ्या मातीचे गोळे ठासून भर, त्यावर कागद लाव, आणि खोक्यामागे बांधाची माती असू दे. डोळ्यांवर चष्मा. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवायचं नाही. आणि छर्रा न घालता चाप ओढायचा नाही, पिस्टन कोरडा आदळून फुटतो.

हे झालं की खोकं उघड. तुझ्या दुर्बिणीवर ३–९×४० लिहिलंय. म्हणजे तीनपट ते नऊपट मोठं दिसणार आणि पुढची काच ४० मिलिमीटर व्यासाची. ४० ला ९ नं भाग, साधारण साडेचार येतात. नऊपटीवर तुझ्या डोळ्याशी येणारी उजेडाची चकती तेवढ्याच मिलिमीटरची. तीनपटीवर ती तेरा मिलिमीटरच्या वर. म्हणून पहाटे आणि दिवेलागणीला मोठ्या आकड्याचा मोह धरू नकोस, डोळा थोडा जरी हलला तरी कडेनं अंधार येतो. २० मीटरच्या कामाला चारपट पुष्कळ झालं.

बसवण्याआधीची एक तपासणी मला सगळ्यांत जास्त आवडते, कारण तिला एकही छर्रा लागत नाही. बंदूक ताणलेली नसावी, नळी रिकामी असावी, हे दोनदा बघ. दुर्बीण माउंटमध्ये हलकी धरून बंदूक व्हाइसमध्ये लाव, जबड्यांना जुन्या ट्यूबचे तुकडे. समोर २० मीटरवर भिंतीला आलेखाचा कागद चिकटव. आता दुर्बिणीतल्या फुलीचा मध्य एका चौकटीवर आण आणि डोळा डावी-उजवी, वर-खाली हलव. बंदुकीला हात नाही. फुली कागदावरून घसरताना दिसली तर तो डोळ्याच्या जागेमुळे होणारा फरक. मोठ्या रायफलींसाठी केलेल्या दुर्बिणी सहसा १०० यार्डांवर जुळवलेल्या असतात, त्या आपल्या २० मीटरवर अशा घसरतातच. पुढच्या काचेची कडी फिरवून अंतर जुळवता येत असेल तर फुली थांबेपर्यंत ती फिरव. कडीवर छापलेल्या आकड्यावर जाऊ नको, फुली जिथं थांबते तीच खरी जागा, तिथं रंगाची बारीक खूण कर. कडी नसेल तर गाल दस्त्यावर दर वेळी एकाच जागी टेकवायची सवय लावावी लागेल.

तसंच ठेवून वरची गुंडी फिरव. तुझ्या गुंडीवर एका क्लिकला १०० यार्डांवर पाव इंच असं छापलंय. २० मीटरवर ते साधारण १.४ मिलिमीटर होतं. चाळीस क्लिक मोजून फिरव, फुली आलेखावर साडेपाच सेंटिमीटरच्या किंचित वर सरकली पाहिजे. पाचच सरकली किंवा सहा सरकली तरी मी दुर्बीण टाकून देणार नाही. क्लिकचं माप छापल्यापेक्षा वेगळं आहे एवढंच, ते वहीत लिहून ठेवायचं. पण चाळीस वर आणि चाळीस खाली केल्यावर फुली मूळ चौकटीवर परत आली नाही, तर ती दुर्बीण परत कर. आणि सरळ वर जायच्याऐवजी तिरकी गेली तर आधी दुर्बीण गोल फिरून बसली आहे का ते पाहा.

त्यासाठी गवंड्याचा ओळंबा आण. २० मीटरवर ओळंबा टांग, वारा नसताना दोरी स्थिर झाली की फुलीची उभी रेघ तिच्यावर जुळव, बंदूक सरळ उभी ठेवून. मग माउंटच्या कड्यांचे स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीनं, समोरासमोरचे आवळ. एका बाजूचे आधी पूर्ण आवळलेस तर दुर्बीण हळूच वळते आणि ओळंब्याची सगळी मेहनत वाया जाते. जोरानं आवळायचं काम नाही. अ‍ॅलन कीच्या आखूड टोकाला दोन बोटांनी धरून आवळ, म्हणजे जास्त जोर लागणारच नाही.

माउंट घेताना दोन सुट्या कड्यांऐवजी एकसंध घे, खाली अडकण्याची खुंटी असलेलं. तुझ्या बंदुकीवर ११ मिलिमीटरची खाच आहे, रुंद पट्टीचं माउंट तिच्यावर बसत नाही. खुंटी नसेल तर उलटसुलट झटक्यांनी माउंट मागे सरकत जातं. माउंटच्या पुढच्या कडेला लागून बंदुकीच्या लोखंडावर पेन्सिलीनं रेघ मार, पन्नास छर्‍यांनी रेघ आणि माउंट यांत फट दिसली तर तुझं उत्तर तिथंच आहे.

मोडून उघडणाऱ्या नळीचा एक जुना रोग असतो, तिचं तोंड किंचित खाली झुकलेलं असतं. माशीवर ते कळत नाही, कारण मागची खाच वर करून घेतलेली असते. दुर्बीण बसवली की छर्रे फार खाली पडतात आणि वरची गुंडी टोकाला जाऊन थांबते. टोकाला गेलेल्या गुंडीचा आतला स्प्रिंग ताठ राहत नाही आणि फुली जागा सोडते. पूर्वी आम्ही अशा वेळी मागच्या कडीखाली कॅमेऱ्याच्या फिल्मची पट्टी घालायचो. आता फिल्म कुठली मिळायला! शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून घाल, एक पुरेल, फार तर दोन. सुरुवातीला गुंडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजून मध्यावर आणून ठेव, मग किती कमी पडतंय ते पट्टीनं भरून काढ.

आता छर्‍यांची तपासणी. २० मीटरवर मोठा कागद, मधे एक काळा ठिपका. नेम शेवटपर्यंत त्याच ठिपक्यावर. पाच छर्रे मार. चाळीस क्लिक वर, पाच मार. चाळीस उजवीकडे, पाच. चाळीस खाली, पाच. चाळीस डावीकडे, आणि शेवटचे पाच पहिल्या पाचांवरच पडले पाहिजेत. कागदावर चौकोन उमटतो. बाजू सारख्या आणि कोपरे काटकोनात असतील तर तुझे पैसे वसूल. कोपरे मोजताना घोळक्याचा मध्य धर, एखादा फटकून गेलेला छर्रा धरू नकोस. स्वस्त दुर्बिणीत एक खोड नेहमी दिसते, क्लिक फिरवल्यावर पहिला छर्रा जुन्याच जागी पडतो आणि दुसऱ्या-तिसऱ्यापासून नवी जागा धरते. आतली नळी अडकून बसलेली असते, झटका बसला की सरकते. क्लिक झाल्यावर स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं गुंडीवर दोन हलके टिचके मार. एवढ्यानं सुटत असेल तर वापरायला हरकत नाही.

मग तीनपटीवर पाच आणि नऊपटीवर पाच मारून बघ. दोन्ही घोळके एकाच जागी नसतील तर एकच पट कायमची ठरव आणि पट बदलायच्या कडीला चिकटपट्टी लावून टाक.

हे सगळं सकाळी नऊच्या आत उरकायचं. आपली काळी जमीन उन्हानं तापली की अकरानंतर तिच्यावरून झळा उठतात आणि दुर्बिणीतून ठिपका उकळत्या पाण्यासारखा हलतो. नऊपटीवर तर जास्तच. बदनापूरकडच्या शिवारात मोसंबीच्या बागेच्या सावलीत मी कागद लावायचो, तरी मधल्या उघड्या पट्ट्यातल्या झळा चुकत नव्हत्या. त्या वेळी नोंदलेलं कुठलंच माप मी धरत नाही. उगवत्या उन्हाकडे तोंड करून मात्र एकदा मुद्दाम बघ, सूर्य चौकटीत न घेता, त्याच्या बाजूला. काचेत पांढरट धुकं पसरलं तर काचेवरचा थर हलका आहे. सूर्याकडे थेट दुर्बीण कधीही धरू नको, डोळा जन्माचा जाईल.

तुझ्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. रानडुकरांनी मका लोळवलाय आणि रोह्यांनी हरभऱ्याचं वाटोळं केलंय, ते दुःख मीही पाहतो. पण साडेचार मिलिमीटरच्या छर्‍यानं डुकराची कातडीही नीट भेदली जात नाही, नुसतं पिसाळलेलं जनावर तुझ्या बापाच्या अंगावर जाईल. पीक खाणाऱ्या डुकराचा किंवा रोह्याचा बंदोबस्त वनखात्याच्या परवानगीनं आणि परवान्याच्या हत्यारानं होतो, नुकसानीचा पंचनामा करून भरपाई मागता येते. ससा, तितर, मोर, हरीण यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि कायदा नसता तरी घाणेवाडीच्या तलावावर हिवाळ्यात उतरणाऱ्या पाहुण्या पाखरांवर ही फुली गेलेली मला खपली नसती. माझ्याकडून शिकायचं असेल तर कागदावरच मारायचं.

आणि कागद काही कमी नाही. १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, आणि तिथं भिंगाची दुर्बीण चालतच नाही, बारीक भोकातून नेम धरायचा. २०२२ साली कैरोला ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलनं त्याच प्रकारात जगज्जेतेपद मिळवलं. कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसहून ५० मीटर रायफलचं कांस्य घेऊन आला. खेड्यातला पोरगा आहे तो, तुझ्यासारखाच. दुर्बिणीवर दोन महिने हात बसला की ती काढून ठेव आणि भोकाच्या नेमावर ये, तुला तिथवर नेणं हे माझ्या मनात आहे.

एक राहिलं. २० मीटरवर नेम जुळवलास की १० मीटरवर छर्रा ठिपक्याच्या किंचित खाली पडेल आणि ३० मीटरवर साधारण तीन सेंटिमीटर खाली. दुर्बीण नळीच्या चार सेंटिमीटर वर बसलेली असते आणि छर्रा निघाल्यापासून पडतच असतो, त्यामुळे हा हिशेब सुटत नाही. तिन्ही अंतरांवर दहा-दहा मारून खरे आकडे काढ, आणि कुठल्या डबीच्या छर्‍यांनी काढले तेही लिही. डबी बदलली की सगळं नव्यानं.

वहीचं पहिलं पान मी आखून ठेवलंय. तारीख, वेळ, अंतर, छर्रा, पट, क्लिक, घोळका मिलिमीटरमध्ये, आणि शेवटी स्क्रू तपासला का, हो किंवा नाही. दस्त्याच्या लाकडाची तीन मापं घेऊन शनिवारी ये, नळकांडी लगेच काढून देतो. व्हर्नियर माझाच ने, तुझा पाव मिलिमीटर जास्त दाखवतो.